मेमरी कार्डमध्ये जागा असूनही मोठी फाइल का जात नाही?

आपल्या ३२ जीबीच्या मेमरी कार्डमध्ये ११ जीबी जागा शिल्लक आहे, तरीही लग्नाचा ५ जीबीचा व्हिडिओ त्यात कॉपी होत नाही आणि फोन ‘फाइल फार मोठी आहे’ असे सांगतो. फोनचे म्हणणे बरोबर आहे. अडचण जागेची नसून कार्डाच्या फॉरमॅटची, म्हणजे त्यात फाइली मांडून नोंदवण्याच्या पद्धतीची आहे.

३२ जीबीपर्यंतची कार्डे साधारणतः फॅट३२ या फॉरमॅटमध्ये येतात. त्यात प्रत्येक फाइलचा आकार नोंदवण्यासाठी केवळ ३२ बिट (० किंवा १ असे ३२ अंक) राखलेले असतात, त्यामुळे ४ जीबी किंवा त्याहून मोठ्या फाइलचा आकार तिथे लिहिताच येत नाही, मग कार्ड पूर्ण रिकामे असले तरी. अनेक कॅमेरे लांब चित्रीकरणाचे ४ जीबीच्या आत तुकडे पाडतात, त्याचे कारणही हेच. फोनच्या अंतर्गत साठवणीत ईएक्सटी४ किंवा एफ२एफएस हा फॉरमॅट असतो. तिथे ही मर्यादा नसल्यामुळे तोच व्हिडिओ फोनमध्ये व्यवस्थित राहतो.

यावर उपाय म्हणजे कार्ड एक्सफॅट या, ४ जीबीची मर्यादा नसलेल्या प्रकारात फॉरमॅट करणे. मात्र ते फोनमध्येच करू गेल्यास बहुधा निराशा पदरी पडेल, कारण अँड्रॉइड सहसा कार्डाच्या क्षमतेवरून फॉरमॅट ठरवतो आणि ३२ जीबीच्या कार्डाला पुन्हा फॅट३२च देतो. म्हणून आधी कार्डातील सर्व फाइली संगणकावर उतरवून घ्याव्यात, मग कार्ड रीडरला लावून तिथेच एक्सफॅट निवडावे. काही जुने व स्वस्त फोन एक्सफॅट ओळखत नाहीत, तेव्हा फाइली परत भरण्यापूर्वी रिकामे कार्ड फोनमध्ये घालून पाहावे. एनटीएफएस या विंडोजच्या फॉरमॅटच्या वाटेला मी जाणार नाही; बरेच फोन ते वाचतच नाहीत.

अँड्रॉइड ६पासून काही फोनमध्ये कार्ड अंतर्गत साठवण म्हणून वापरण्याचा पर्यायही मिळतो. ४ जीबीची अडचण त्यानेही सुटते, पण कार्ड कूटबद्ध होऊन त्या एकाच फोनशी बांधले जाते. फोन बिघडला किंवा रीसेट केला की कार्डातील मजकूर वाचता येत नाही. लग्नाच्या व्हिडिओसाठी एवढी जोखीम मी तरी घेणार नाही.

फॉरमॅट करायचेच नसेल, तर सेव्हन-झिपसारख्या प्रोग्रॅमने संगणकावर त्या व्हिडिओचे दोन भाग करून ते कार्डात ठेवता येतील, परंतु पुन्हा जोडल्याशिवाय तो पाहता येणार नाही.