वाचकांचे प्रश्न : मोबाइलच्या कॅमेऱ्याचा फोटो पारखायचा कसा?

सणासुदीची खरेदी जवळ आली की कॅमेऱ्याविषयीची पत्रं वाढतात. या वेळी निवडलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे : आकडे खूप कळतात, पण फोटो चांगला की वाईट हे स्वतःला ठरवता येत नाही. उत्तरं त्याच रोखाने दिली आहेत.

३५ हजारांच्या आसपासचे दोन फोन बघून ठेवले आहेत. एकावर २०० मेगापिक्सेल लिहिलंय, दुसऱ्यावर ५०. दुकानदार म्हणतो, २०० म्हणजे चौपट चांगला. मुलगी म्हणते, दोन्हींचे फोटो सारखेच दिसतात. खरं कोणाचं?
— एक वाचक, कोथरूड

मुलीचं. नेहमीच्या वापरात दोन्ही फोन साधारण साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतात. २०० मेगापिक्सेलच्या सेन्सरवर शेजारशेजारचे १६ पिक्सेल मिळून फोटोतला एक ठिपका होतो, ५० मेगापिक्सेलच्या सेन्सरवर ४ पिक्सेल मिळून. फोटोचा तपशील उघडून पाहा. दोन्हीकडे ४०८० × ३०६० च्या आसपासचाच आकडा दिसेल.

फरक पडतो तो सेन्सरच्या क्षेत्रफळाने आणि भिंगाच्या छिद्राने. या किमतीच्या २०० मेगापिक्सेल फोनमध्ये पिक्सेलची बाजू बहुधा ०.५६ मायक्रॉन असते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आडवे चार आणि उभे चार एकत्र केले की २.२४ मायक्रॉन. ५० मेगापिक्सेलच्या सेन्सरवर बाजू १ मायक्रॉन धरली, तर दोन-दोन मिळून २ मायक्रॉन. वर्ग करून पाहिलं तर पहिल्याला जेमतेम पाव हिस्सा जास्त प्रकाश मिळतो. आता भिंग बघा. छिद्राचा आकार एफच्या आकड्याने सांगतात, आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं. पहिल्याचं एफ १.९ आणि दुसऱ्याचं एफ १.७ असेल, तर दुसरं भिंग तेवढाच पाव हिस्सा जास्त प्रकाश आत सोडतं. हिशेब बरोबरीत सुटला.

पूर्ण २०० मेगापिक्सेलचा मोड वापरला तरी चौपट बारकावा मिळत नाही, आणि त्याला कारण भौतिकशास्त्राचं आहे. कितीही उत्तम भिंग घेतलं तरी प्रकाशाचा बिंदू सेन्सरवर बिंदू म्हणून पडत नाही, छोटी चकती म्हणून पडतो. हिरव्या प्रकाशासाठी एफ १.९ ला त्या चकतीचा व्यास अडीच मायक्रॉन भरतो, म्हणजे ०.५६ मायक्रॉनचे साडेचार पिक्सेल. तेवढ्या जागेत आणखी पिक्सेल कोंबून नवी माहिती फारशी हाती लागत नाही. भर दुपारच्या उन्हात, फोन स्थिर टेकवून, शनिवारवाड्याच्या तटबंदीसारखं न हलणारं काही टिपताना या मोडमध्ये दगडांचे सांधे थोडे जास्त सुटे दिसतात. संध्याकाळनंतर तो वापरू नका. फोटोत दाणे (बारीक ठिपक्यांची खरखर) वाढतात आणि फाइल उगाच कित्येक पट मोठी होते.

साडेबारा मेगापिक्सेल कमी पडतील अशी भीती असेल, तर ४०८० ला ३०० ने भागा. साडेतेरा इंच येतात. १२ × ८ इंचांची प्रिंट त्यातून उत्तम निघते.

पत्रकात मेगापिक्सेलऐवजी तीन गोष्टी शोधा : मुख्य सेन्सरचा आकार (१/१.४, १/१.५६ असा लिहितात, भाजक जितका लहान तितका सेन्सर मोठा), भिंगाचा एफ आकडा आणि ओआयएस (हाताची थरथर भरून काढणारी यंत्रणा) आहे की नाही. आणि २ मेगापिक्सेलचा मॅक्रो किंवा डेप्थ कॅमेरा मोजणीत धरूच नका.

तपकीर गल्लीत किंवा एखाद्या मोठ्या शोरूममध्ये डेमो फोन हातात मिळतो तो दहा मिनिटं. तेवढ्यात काय तपासावं?
— एक वाचक, सिंहगड रस्ता

दहा मिनिटं पुरतात, मात्र फोनच्या पडद्यावर बघून निकाल लावायचा नाही. हल्लीचे पडदे इतके उजळ आणि भडक असतात की त्यांच्यावर साधारण फोटोही देखणा वाटतो. सोबत टाइप-सी पेन ड्राइव्ह आणि वर्तमानपत्राचं छोट्या जाहिरातींचं पान घेऊन जा.

आधी दोन्ही फोनची भिंगं सुती कापडाने पुसा. डेमो फोनवर दिवसभर बोटं फिरत असतात, आणि तेलकट भिंग चांगल्या कॅमेऱ्यालाही धुरकट करतं. फिल्टर आणि ब्यूटी बंद, प्रमाण ४:३, बाकी सगळं ऑटो. प्रत्येक दृश्याचे तीन-तीन फोटो घ्या, कारण एखाद्यात फोकस चुकतोच.

पहिलं दृश्य म्हणजे ते पान. भिंतीला चिकटवा, फोन भिंतीला समांतर धरा आणि पान चौकट भरून बसेल इतक्या अंतरावरून टिपा. मधला मजकूर आणि चारही कोपरे पाहा. चारही कोपरे सारखेच किंचित मऊ असतील तर चालेल. एकच कोपरा पुसट असेल, तर आधी फोन तिरका नव्हता ना हे बघा. फोन उलटा धरून पुन्हा फोटो काढा. पुसटपणा फोनबरोबर फिरला तर भिंग तिरकं बसलेलं आहे. हा त्या एका नगाचा दोष असतो, मॉडेलचा नव्हे, म्हणून हीच चाचणी घरी आणलेल्या नव्या फोनवरही पहिल्याच दिवशी करा. एक सावधगिरी : फार जवळ गेलात तर काही फोन गुपचूप अल्ट्रावाइड (जास्त रुंद दृश्य टिपणाऱ्या) कॅमेऱ्यावर जातात. अल्ट्रावाइडच्या भिंगावर बोट ठेवा. पडद्यावर अंधार झाला तर तसं झालंय, मागे सरका.

हीच बोटाची युक्ती टेलिफोटोलाही (लांबचं जवळ आणणाऱ्या कॅमेऱ्यालाही) लावा. ३ पटीवर जाऊन टेलिफोटोचं भिंग झाका. चित्र तसंच राहिलं, तर फोन मुख्य कॅमेऱ्याचाच तुकडा कापून मोठा करतोय. कमी उजेडात आणि जवळच्या वस्तूला बरेच फोन असंच करतात. ज्या उजेडात तुम्ही झूम वापरणार, त्याच उजेडात हे तपासा.

दुसरं दृश्य माणसाचं हवं. सोबतच्या माणसाला दुकानाच्या दारात, पाठीमागे रस्त्याचा उजेड येईल असं उभं करा. चेहरा आणि रस्ता दोन्ही दिसले पाहिजेत, पण चेहरा कागदी कटआउटसारखा सपाट होता कामा नये. भुवया, कपाळावरचे सुटे केस, दाढीचे खुंट यांच्याकडे नीट बघा. केसांचा एकच गठ्ठा झाला असेल तर सॉफ्टवेअरने दाणे घालवताना बारकावाही पुसलाय. केसांच्या कडेने पांढरी रेघ दिसली तर धार जास्त लावलीय. शेवटी त्वचेचा रंग प्रत्यक्षाशी ताडून पाहा. सावळ्या माणसाला गोरं करून दाखवणारा कॅमेरा चांगला नाही, मग तो फोटो बघणाऱ्याला कितीही आवडो.

तिसरं दृश्य दुकानातल्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात चालणारा माणूस. नाइट मोडचे स्थिर फोटो आता सगळेच बरे काढतात. खरी परीक्षा हालचालीची असते.

घरी कॉम्प्युटरवर फाइलींची नावं बदला, म्हणजे कोणता फोटो कोणत्या फोनचा हे कळणार नाही. घरातल्या दुसऱ्या कोणाकडून हे काम करून घेतलं तर उत्तम. दोन फोटोंत एक जास्त उजळ असेल तर तुलना करण्याआधी दोन्हींचा उजेड सारखा करा. डोळ्याला उजळ फोटो नेहमी सरस वाटतो आणि बहुतेक चुकीचे निकाल तिथेच लागतात. मग १०० टक्क्यांवर एकदा बघा, आणि ज्या आकारात तुम्ही फोटो एरवी पाहता त्या आकारात एकदा. दुसऱ्या पाहणीत फरक दिसला नाही, तर पहिल्या पाहणीतल्या फरकासाठी जादा पैसे मोजू नका.

मी घरून पैठण्या आणि सिल्कच्या साड्या विकते. राणी रंग फोटोत लाल येतो, जांभळा निळा येतो. गिऱ्हाईक साडी परत पाठवतं. महागडा फोन घेतला तर हे थांबेल का?
— एक वाचक, सहकारनगर

ताई, फोन बदलू नका, उजेड बदला. रंग बिघडण्याची कारणं बहुतेक वेळा फोनच्या बाहेर असतात.

खिडकीचा उजेड आणि ट्यूबचा उजेड एकत्र असला की फोनला पांढरा रंग कोणता तेच ठरवता येत नाही. खोलीतले सगळे दिवे बंद करा. सकाळी १० ते दुपारी ४ दरम्यान खिडकीजवळ, थेट ऊन पडणार नाही अशा जागी साडी पसरा. शेजारची भिंत हिरवी किंवा पिवळी असेल तर तिची छटा साडीवर उतरते. पांढरी चादर टांगून ती झाका. रात्रीच फोटो काढावे लागत असतील तर सीआरआय (दिव्याच्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ९० च्या वरचा एलईडी दिवा घ्या आणि खोक्यावर आर९ चा आकडा दिलाय का पाहा. सीआरआयचा सरासरी आकडा आठ फिक्या रंगांवर काढतात, त्यात गडद लाल नसतोच. तो आर९ मध्ये कळतो. तुमच्या मालात लाल, राणी आणि डाळिंबीच जास्त असणार, म्हणून तुमच्यासाठी हा आकडा मोलाचा.

आता फोन. प्रो मोडमध्ये (जिथे सेटिंग हाताने करता येतात) व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा रंग कोणता धरायचा ती सेटिंग, ५५०० केल्विनच्या आसपास कुलूपबंद करा. फोटोच्या सामानाच्या दुकानात ग्रे कार्ड मिळतं, ते साडीवर ठेवून पहिला फोटो घ्या. कार्ड राखाडीच दिसेपर्यंत आकडा पुढेमागे करा. साधा ए४ कागद वापरू नका. त्यात चकाकी आणणारं रसायन असतं आणि दिवसाच्या उजेडात तो निळसर दिसतो.

राणी रंगासाठी एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) उणे ०.३ ते उणे ०.७ करा. अशा कापडावरून लाल प्रकाश इतका येतो की सेन्सरचा लाल भाग भरून वाहतो, मग निऱ्यांच्या घड्या नाहीशा होतात आणि नुसता सपाट रंग उरतो. काढलेला फोटो मोठा करून बघा. घड्या आणि सुताची वीण दिसली तरच तो ठेवा. एआय सीन (दृश्य ओळखून रंग आपोआप बदलणारी सोय) बंद करा. पडद्याची सेटिंग ‘व्हिव्हिड’ असेल तर ‘नॅचरल’ करा, नाहीतर तुम्हीच भडक पडद्यावर बघून फोटोला पास कराल.

धूपछाव पैठणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो, म्हणून कोन बदलला की साडीचा रंग बदलतो. तिचा एकच ‘खरा’ फोटो निघूच शकत नाही. दोन कोनांतून दोन फोटो द्या. गिऱ्हाइकाचा पडदा तुमच्या हातात नाही, तेव्हा फोटोखाली रंग शब्दांत लिहा : ‘वांगी, काठ मोरपंखी’. परत येणाऱ्या साड्या या एका ओळीनेही कमी होतील.

एका कॅमेऱ्याचे गुण १५०, दुसऱ्याचे १४२. आठ गुणांचा फरक डोळ्याला दिसतो का?
— एक वाचक, पिंपरी

एकूण गुणांवरून सांगता येत नाही. डीएक्सओमार्कसारख्या प्रयोगशाळेत ठरावीक उजेडात तक्ते टिपून मोजमाप होतं आणि बाहेरची दृश्यंही तपासली जातात. ते काम गंभीर आहे. पण एकूण आकड्यात फोटो, झूम आणि व्हिडिओ सगळं मिसळलेलं असतं. तुम्ही व्हिडिओ काढतच नसाल तर त्याचे गुण तुमच्या काय कामाचे? तुमच्या उपयोगाचे पोटगुण तेवढे वाचा.

आमच्या ढोलपथकाचे विसर्जन मिरवणुकीतले रात्रीचे फोटो हमखास हललेले येतात. नाइट मोड लावूनही उपयोग नाही.
— एक वाचक, नारायण पेठ

नाइट मोडमुळेच येतात. तो बरेच फोटो एकामागून एक घेऊन त्यांची जोड करतो. उभ्या इमारतीला हे छान, वादकाला नाही. तुमच्या फोटोंचा तपशील उघडा, शटर (प्रकाश आत घेण्याचा वेळ) १/२५ सेकंदाच्या आसपास दिसेल. टिपरू धरलेला हात सेकंदाला ४ मीटर वेगाने खाली येतोय असं धरलं, तर १/२५ सेकंदात तो १६ सेंटीमीटर सरकतो. १/५०० ला ८ मिलिमीटरच.

प्रो मोडमध्ये मुख्य १ पट कॅमेरा घ्या, शटर १/२५०, आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) १६०० ते ३२००. दाणे दिसतील, ते सहन करा. हललेला फोटो दुरुस्त होत नाही, दाणेदार बराच सुधारतो. ३ पटीचा कॅमेरा रात्री टाळा, त्याचा सेन्सर बहुधा लहान असतो. दोन पावलं पुढे जा.

इतकं करूनही उजेड कमी पडला तर वेळ साधा. टिपरू सगळ्यात वर गेलं की क्षणभर हात थांबतो, दिशा बदलतो. तेव्हा १/१०० सुद्धा पुरतं. सलग फोटोंची मालिका घेऊन त्यातला तो एक निवडा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. फोटोत आडवे काळे पट्टे आले तर शटर १/१०० वर आणा, पट्टे जातील. टिळक चौकात दुपारच्या उजेडात पोहोचणार असाल तर यातलं काहीच लागणार नाही, ऑटोवर काढा.

गुलाल भिंगावर बसला तर आधी फुंकणीने उडवा, मग पुसा. तसाच घासला तर लेपावर चरे पडतात.

अमेरिकेतल्या नातवाचे फोटो व्हॉट्सॲपवर पुसट येतात. माझा फोन बदलावा का?
— एक ज्येष्ठ वाचक, डेक्कन

नको. व्हॉट्सॲप फोटो लहान करून पाठवतं. मुलाला सांगा, पाठवताना एचडी निवड, किंवा मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठव. दुसऱ्या पद्धतीने फोटो जसाच्या तसा येतो, प्रिंटसाठी तीच वापरा.

रात्रीच्या फोटोत दिव्यांच्या समोरच्या बाजूला हिरवे ठिपके येतात. सेन्सर खराब आहे का?
— एक वाचक, हडपसर

बहुधा नाही. फोटोच्या मध्यबिंदूतून रेघ ओढा. ठिपका दिव्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला, तेवढ्याच अंतरावर असेल तर ते भिंगांच्या आतलं परावर्तन आहे. फोन किंचित हलवल्यावर ठिपका सरकतो का हेही बघा. सेन्सरचा दोष जागचा हलत नाही. दिवा चौकटीच्या मध्याजवळ आणला की ठिपका त्याच्यावरच पडून दिसेनासा होतो. कॅमेऱ्यावर वेगळी काच चिकटवली असेल तर ती काढून त्याच दिव्याचा पुन्हा फोटो घ्या. स्वस्त काचांवर परावर्तनरोधक लेप नसतो, आणि ती काढल्यावर बरेचदा ठिपके निम्म्याहून कमी होतात.