ओहोटीच्या वेळी मुलांना किनाऱ्यावर नेताना शास्त्रज्ञांची मदत कशी घ्यावी?

आपण विचारले आहे की, रत्नागिरी जिल्ह्यातील आपल्या शाळेच्या सहावीच्या वर्गाला एका सागरी जीवशास्त्रज्ञांसोबत खडकाळ किनाऱ्यावर न्यायचे आहे, तर ती नुसती सहल ठरू नये यासाठी काय करावे. मी सागरी जीवशास्त्र शिकवते आणि शाळकरी मुलांना घेऊन किनाऱ्यावर जात असते, त्या अनुभवाच्या आधारे लिहीत आहे.

पाहुण्या शास्त्रज्ञांना पहिली विनंती अशी करावी की, त्यांनी किनाऱ्यावर व्याख्यान देऊ नये. बहुतेक तज्ज्ञ उत्साहाच्या भरात दिसेल त्या जिवाचे नाव सांगत सुटतात, मुले ती नावे वहीत उतरवून घेतात आणि समोरच्या खडकाकडे पाहायचे राहून जाते. नावे शाळेत परतल्यावरही सांगता येतात. जागेवर मुलांना एकच छोटा आणि मोजता येण्याजोगा प्रश्न द्यावा. माझा आवडता प्रश्न असा: खडकावर कालवे (ऑयस्टर, खडकाला घट्ट चिकटणारे शिंपले) सर्वांत जास्त कुठे चिकटलेली असतात, भरतीच्या रेषेजवळ, मध्यावर की अगदी खाली पाण्याजवळ?

यासाठी सुतळी किंवा प्लॅस्टिकच्या नळ्या वापरून अर्धा मीटर लांबी-रुंदीची चौकट करावी. प्रत्येक गटाने मोजणीपूर्वी आपला अंदाज लिहून ठेवावा, मग वर, मध्ये आणि खाली अशा तिन्ही पट्ट्यांत चौकट ठेवून मोजणी करावी. मोजताना वाद होतातच, आणि मला विचाराल तर खरा तास तिथूनच सुरू होतो. चौकटीवर अर्धे आत, अर्धे बाहेर असलेले कालव धरायचे की नाही? रिकामा शिंपला मोजायचा का? चौकट कुठे ठेवायची हे कोणी ठरवायचे, कारण मुले ती हटकून जिथे कालवे दाट असतात तिथेच ठेवतात. शास्त्रज्ञांची खरी गरज इथे असते. कडेवरच्यांपैकी फक्त डाव्या आणि वरच्या बाजूचे मोजायचे, उरलेल्या दोन बाजूंवरचे सोडून द्यायचे, किंवा पाठमोरे उभे राहून खडा टाकायचा आणि तो पडेल तिथे चौकट ठेवायची, असे नियम संशोधकही प्रत्यक्ष कामात वापरतात. हे नियम का लागतात, हे मुलांना भांडण झाल्यानंतर चटकन पटते. आधी सांगितले तर ती एक सूचना म्हणून ऐकून सोडून देतात.

मोजणीनंतर कारणांकडे वळावे. सर्वांत वरच्या पट्ट्यात ऊन आणि कोरडेपणा तासन्‌तास सोसावा लागतो, म्हणून तिथे बारीक गोगलगायी आणि बार्नॅकल (खडकाला चिकटून राहणारे बारीक कवचधारी जीव) यांच्यासारखे मोजकेच जीव टिकतात. खाली पाणी भरपूर असते, पण तिथे शिकारी शंख आणि जागेसाठी होणारी चढाओढही जास्त असते. शिंपल्याला सुईने पाडल्यासारखे गोल भोक दिसले, तर ते बहुधा अशा शिकारी शंखाने पोखरलेले असते. ते मुलांनी स्वतः शोधून काढावे. तोपर्यंत कोणी काही बोलू नये.

वेळेचे गणित मात्र आपल्यालाच सांभाळावे लागेल. कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजी वेळ मिळते आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी असते. द्वितीयेला रात्री दीड वाजता भरती, म्हणून सकाळी साडेसातच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरचे दोन-तीन दिवस उधाणाचे असल्यामुळे पाणी खूप खाली जाते आणि सकाळच्या शाळेलाही ही वेळ सोयीची पडते. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची, भरती-ओहोटी असते. तेव्हा खालचा पट्टा नीट उघडा पडत नाही. हा हिशेब मुलांकडूनच करून घ्यावा, पण जाण्याचा दिवस पक्का करण्यापूर्वी भरती-ओहोटीचा अधिकृत तक्ता पाहावा. पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी पोहोचावे आणि पाणी फिरताच निघावे, कारण भरतीच्या तिसऱ्या व चौथ्या तासाला पाणी सर्वांत वेगाने चढते.

शास्त्रज्ञांइतकेच महत्त्वाचे पाहुणे आपल्या गावातच असतील. कालवे काढणाऱ्या एखाद्या मावशींना सन्मानाने बोलवावे आणि मुलांनी त्यांनाही प्रश्न विचारावेत. कोणत्या खडकावर कालवे कमी झाली, हे त्यांना कोणत्याही अहवालापेक्षा आधी कळलेले असते. पाहुण्या शास्त्रज्ञांनीही त्यांचे ऐकून घेतले, तर मुलांवर त्याचा परिणाम फार चांगला होतो. (सगळेच शास्त्रज्ञ ऐकून घेतात असे नाही, म्हणून हे आधी बोलून ठेवलेले बरे.)

सुरक्षिततेबाबत थोडक्यात: बूट सक्तीचे, दहा मुलांमागे एक मोठी व्यक्ती, आणि शंकूच्या आकाराच्या जिवंत शंखाला हात लावायचा नाही, कारण त्याचा दंश विषारी असतो. पावसाळ्यात किनाऱ्यावर नेऊच नये. उलटलेला दगड होता तसा परत ठेवावा आणि रिकामे शंखही घरी नेऊ नयेत, कारण हर्मिट क्रॅब हा खेकड्यासारखा जीव त्यांतच घर करतो. प्रवाळांना तर वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे; मुंबईच्या सागरी किनारा मार्गाच्या वाटेत आलेले प्रवाळ 2020 मध्ये दुसरीकडे हलवावे लागले होते, हे मुलांना अवश्य सांगावे. खुद्द मुंबईत प्रवाळ आहेत, याचेच त्यांना नवल वाटते. तिथे ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा 2017 मध्ये सुरू झालेला गट हाजी अली, जुहू अशा ठिकाणी सर्वसामान्य लोकांना किनारा दाखवतो, तेव्हा त्यांच्या कामाची पद्धतही पाहून ठेवावी.

परतल्यावर निबंध लिहून घेऊ नये. तिन्ही पट्ट्यांतील आकडे फळ्यावर मांडून मुलांनी आधी लिहिलेल्या अंदाजांशी ताडून पाहावेत, आणि तो तक्ता तारीख, तिथी व खडकाच्या खुणेसह जपून ठेवावा, म्हणजे पुढच्या वर्षीच्या सहावीला त्याच खडकावर पुन्हा मोजणी करता येईल.