‘संवेदनशील विषय’ एवढ्यावर भागत नाही

प्रिय दोस्ता,

फिल्म महोत्सवाच्या फॉर्ममध्ये, त्रासदायक दृश्यांची पूर्वसूचना द्यायची तिथे तू नुसतं ‘संवेदनशील विषय’ लिहिलंयस. त्यावरून निवड समितीला काही कळत नाही. विषय कोणता, यापेक्षा पडद्यावर काय दिसतं आणि ऐकू येतं, ते लिही:

‘०८:४० ते ०९:१५ – आत्महत्येचा प्रयत्न, कृती दिसत नाही, आवाज येतो. ११:०५ – मनगटावरच्या जखमेचा क्लोज-अप, ४ सेकंद, मेकअप. शिव्या अधूनमधून.’

‘मेकअप’ हा शब्द गाळू नकोस; जखम किंवा प्रेत खरं की बनावट, हे पाहणाऱ्याला आधी कळायला हवं. कारणमीमांसा मात्र इथे नको, ती दिग्दर्शकाच्या मनोगतात जाऊ दे. टाइमकोड, म्हणजे प्रसंग कितव्या मिनिट-सेकंदाला येतो ते आकडे, फायनल एक्स्पोर्टवरूनच, म्हणजे पाठवायच्या तयार फाइलवरूनच घे. एडिटची टाइमलाइन बऱ्याचदा शून्याऐवजी ०१:००:००:०० (तास:मिनिट:सेकंद:फ्रेम) पासून सुरू होते, शिवाय पुढे लोगो जोडला की सगळे आकडे सरकतात. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा प्रकाश लुकलुकत असेल तर ते वेगळं लिही. काहींना त्याने फिट येऊ शकते.

फिल्मफ्रीवेवर, म्हणजे महोत्सवांना फिल्म पाठवायच्या वेबसाइटवर, ही नोंद सारांशात घालू नकोस. सारांश उचलून थेट कॅटलॉगमध्ये छापला जातो आणि शेवट फुटतो. सविस्तर नोंद कव्हर लेटरमध्ये. प्रेक्षकांसाठी ‘आत्महत्येचा संदर्भ, शिवीगाळ’ एवढी ओळ पुरे. फिल्मची लिंक यूट्यूबवर अनलिस्टेड (शोधात न दिसणारी) ठेवलीस तरी तिथले नियम लागतातच. वयाची अट बसली की लॉगिनशिवाय फिल्म उघडत नाही, आणि एवढी खटपट कुणी करत नाही. त्यापेक्षा व्हिमिओवर पासवर्ड लावून ठेव, आणि निकाल लागेपर्यंत तो बदलू नकोस.

आपल्याकडे सेन्सॉर प्रमाणपत्र नसलेल्या फिल्म दाखवायला महोत्सवाला माहिती व प्रसारण मंत्रालयाची सूट लागते. अर्जासोबत फिल्मची यादी आणि सारांश जातात, म्हणजे तू लपवलेलं आयोजकांच्या गळ्यात येतं. प्रमाणपत्र नसेल तर मनानेच ‘ए’ किंवा ‘यूए १६+’ असे सेन्सॉरचे वयोगट लिहू नकोस. ‘१८ वर्षांवरील प्रेक्षकांसाठी सुचवतो’ असं लिही.

लहान मूल हिंसेच्या प्रसंगात असेल तर शॉट कसा घेतला आणि पालकांची लेखी संमती आहे का, हे दोन वाक्यांत सांग. लैंगिक प्रसंगात १८ वर्षांखालचा कलाकार नकोच. कितीही प्रामाणिक नोंद लिहिलीस तरी त्याने पॉक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) टळत नाही.

फिल्मचा नवा कट (संपादित आवृत्ती) अपलोड केलास तर टाइमकोड पुन्हा तपास, आणि नोंदीवर कटची तारीख टाक.