ठाण्यात नवशिक्याने कोणता न्यूट पाळावा?

घोडबंदर रोडला फ्लॅट आहे, हालचाल करणारा आणि सांभाळायला सोपा न्यूट (पालीसारखा दिसणारा, शेपटीवाला उभयचर) हवा, असा तुमचा प्रश्न. नाव एकच सांगतो: स्पॅनिश रिब्ड न्यूट. सगळा वेळ पाण्यात असतो, माणूस दिसला की काचेपाशी येतो, गांडुळाचा तुकडा समोर धरला की झडप घालतो. फायर-बेलीड न्यूट देखणा, पण त्याच्या कातडीत विष असतं. घरात लहान मूल असेल तर नकोच.

खरी अडचण पाण्याच्या तापमानाची आहे. स्पॅनिश रिब्ड न्यूटला १८ ते २२ अंश लागतात. मे महिन्यात बंद फ्लॅटमधल्या टाकीचं पाणी ३० च्या आसपास जातं. मग न्यूट खाणं सोडतो, पाण्याबाहेर चढून बसतो, अंगावर कापसासारखी पांढरी बुरशी धरते.

यावर दुकानदार हमखास सांगतात, "बर्फाची बाटली सोडा." साफ चूक! हिशोब करून बघा: ५० लिटर पाण्यात १ लिटर गोठवलेली बाटली टाकली तर तापमान जेमतेम २ अंश उतरतं. ३० वरून २० वर यायला पाच बाटल्या, आणि काही तासांत पाणी परत तापतं. हे चढउतारच न्यूटला जास्त बाधतात. टाकीवरचा पंखा पाण्याची वाफ करून गारवा देतो. पावसाळ्यात खाडीकडच्या दमट हवेत तोही लंगडा पडतो. उरतो चिलर, म्हणजे टाकीचं पाणी थंड करणारं यंत्र, किंवा दिवसरात्र एसी. चिलर खोलीत गरम हवा फेकतो, म्हणून तो खिडकीजवळ ठेवा.

टाकी २ फुटी, स्पंज फिल्टर, खाली बारीक वाळू. खडी नको, घासाबरोबर गिळतात आणि पोटात अडकते. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढायचं औषध घालाच. न्यूट आणण्याआधी पाणी भरलेली टाकी चिमूटभर माशांचं खाणं टाकत ४ ते ६ आठवडे फिल्टरसकट चालवा, अमोनिया आणि नायट्राइट (घाणीतून तयार होणारी विषारी द्रव्यं) दोन्ही शून्य दिसेपर्यंत. झाकण घट्ट हवं: ओलं पोट काचेला चिकटवून कोपऱ्यातून सरळ वर चढतात, आणि दुसऱ्या दिवशी सोफ्याखाली वाळलेले सापडतात.

चिलरचा खर्च जमणार नसेल तर फायटर मासा घ्या. त्याला २६ ते २८ अंशांचं पाणी मानवतं, म्हणजे ठाण्याची हवा बरीचशी त्याच्या बाजूची.

आणि हो, दार्जिलिंग-सिक्कीमकडचा हिमालयन न्यूट कोणी देऊ केला तर हात लावू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो संरक्षित आहे.