विचारा तर खरं: जावयाचं ब्रिस्केट कुकरात होईल का?

प्रश्न: ताई, आमचा जावई अमेरिकन ज्यू आहे. यंदा त्यांचं नवीन वर्ष, रोश हशाना, आमच्याकडे मुलुंडला करायचं ठरलंय आणि लेकीने फर्मान काढलंय की आई ब्रिस्केट कर, म्हणजे बीफचा मोठा तुकडा मंद शिजवून करतात ती डिश, त्याच्या घरी सणाला तेच असतं. मी मटण-चिकन सोडून काही केलेलं नाही. मुंबईत बीफ मिळतं का, कुठला भाग मागायचा, आणि ओव्हन नाही, पाच लिटरचा कुकर आहे, त्यात होईल का?
— एक सासू, मुलुंड

उत्तर: अहो ताई, बाजारात जायच्या आधी जावयाला फोन लावा आणि सरळ विचारा, बाबा तू कोशर, म्हणजे ज्यूंचे खाण्यापिण्याचे धार्मिक नियम, पाळतोस का आणि किती कडक. कारण सगळं त्यावर आहे. कडक पाळत असेल तर जनावर त्यांच्याच शोखेतने, म्हणजे धर्मनियमाने कापणाऱ्या खाटकाने, कापलेलं लागतं, मांस मीठ लावून रक्त काढलेलं लागतं, आणि ज्या कुकरात तुम्ही परवा खीर केली तो पण चालत नाही. मग तुमच्या शेजारी ठाण्यालाच शार हाशामाईम सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे, तिथे चौकशी करा, बेने इस्रायल मंडळी, म्हणजे आपल्याकडचे ज्यू, आपली मराठीच बोलतात, कोशर मटण कुठून आणायचं आणि भांड्यांचं काय करायचं ते नीट सांगतील. एवढं काही पाळत नसेल तर पुढचं वाचा.

गाईचं बीफ विसरा. गाईवर बंदी आधीपासून होतीच, २०१५ पासून महाराष्ट्रात बैल आणि वळू पण त्यात आले. जे मिळतं ते म्हशीचं, म्हणजे 'बडे का'. खाटकाला ब्रिस्केट म्हणू नका, तो तुमच्याकडे बघत बसेल, छातीचा भाग म्हणजे सीना मागा, एक ते सव्वा किलोचा अख्खा तुकडा, आणि वरची चरबी काढू नको म्हणून दोनदा बजावा कारण हात सवयीने चालतो त्यांचा. म्हशीच्या मांसात आतून चरबी कमीच असते, वरचीही गेली तर चामडं चावत बसाल.

हा भाग एवढा चिवट का, तर उभ्या जनावराचं अर्ध्याहून जास्त वजन पुढच्या पायांवर आणि या छातीच्या स्नायूंवर असतं. त्यात कोलॅजन, म्हणजे स्नायूंना बांधून ठेवणारे चिवट तंतू, भरपूर. मंद आचेवर ओलाव्यात तासन्‌तास राहिलं की ते विरघळून जिलेटिन होतं आणि रस्सा बोटाला चिकटायला लागतो. पूर्व युरोपातल्या ज्यूंकडे ही डिश रुजली त्याचं एक कारण हेच, स्वस्तातला भाग, आणि मागचा भाग शीर काढल्याशिवाय कोशर होत नाही म्हणून पुढचाच वापरात.

आता कृती. तुकडा कोरडा पुसा, मीठ-मिरी चोळा, कुकरमध्येच तेल कडकडीत तापवून दोन्ही बाजू चांगल्या चॉकलेटी होईपर्यंत भाजा, घाई करू नका, चव इथेच येते. तूप, लोणी, दही काहीही नको, मांसात दूध नाही हा नियम जावई पाळत नसला तरी त्याच्या आईला फोटो जाणारच. तुकडा काढून त्याच तेलात चार मोठे कांदे उभे चिरून लालसर करा, लसूण, दोन चमचे टोमॅटो प्युरी, तमालपत्र, मग मांस परत ठेवून अर्ध्या उंचीपर्यंत पाणी. पहिली शिट्टी झाली की गॅस एकदम बारीक आणि तासभर विसरा, प्रेशर आपोआप उतरू द्या. काटा खुपसून फिरवला की सहज फिरला पाहिजे, नाहीतर अजून वीस मिनिटं. म्हशीचं वय कोण सांगणार. गाजरं आणि मूठभर सुके आलुबुखारे शेवटी घालून उघड्या भांड्यात उकळा, नवीन वर्ष गोड जावं म्हणून त्यांच्यात गोडसर चव लागतेच, चमचाभर मध पण चालेल. आणि गरम मसाला नको! हात शिवशिवेल, तरी नको.

हे सगळं आदल्या दिवशी करा. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं की चरबी वर थिजते, चमच्याने काढता येते, आणि थंड तुकडा नीट कापला जातो. धागे कुठल्या दिशेने जातात ते बघून त्यांना आडवी सुरी चालवा, धाग्यांच्या दिशेने कापलंत तर सगळी मेहनत दोरखंड चघळण्यात जाईल. काप रश्शात लावून गरम करा.

प्रश्न: आमच्या सोसायटीत बडे का शिजवलं तर भांडणं होतील, दुसरा काही पर्याय?
— वाचक, बोरिवली

उत्तर: आहे, आणि खरं सांगू तर मुंबईत मी तोच करेन. बोकडाचा खांदा हाडासकट घ्या, रान नको, ती मागची. कृती तीच, शिट्टीनंतर पस्तीस मिनिटं पुरतात. तसंही रोश हशाना अमावस्येला धरून येतो, कधी गणपतीच्या तोंडावर तर कधी थेट घटस्थापनेला, तेव्हा खिडक्या लावून एक्झॉस्ट चालू ठेवा आणि भाजायचं काम दुपारी उरका.