सैनिकी अकादमीतील शिक्षण: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न: माझी मुलगी बारावीनंतर सैनिकी अकादमीत जाऊ इच्छिते. तेथे पहिली काही वर्षे पदवीचा अभ्यासही असतो असे कळले. अधिकाऱ्याला रसायनशास्त्र किंवा अर्थशास्त्र कशासाठी? तो वेळ युद्धकलेला दिलेला बरा नव्हे का?

हा प्रश्न अकादम्यांइतकाच जुना आहे आणि त्याचे पहिले उत्तर पूर्णपणे व्यावहारिक होते. घराणे पाहून अधिकारी नेमण्याच्या काळातही तोफखान्यात तसे करून भागत नसे, कारण तोफेचा पल्ला गणिताशिवाय निघत नाही. म्हणूनच ब्रिटनमध्ये तोफखान्यासाठी वुलिचची अकादमी 1741 मध्येच निघाली आणि सँडहर्स्टचे महाविद्यालय त्यानंतर सुमारे साठ वर्षांनी उभे राहिले. अमेरिकेत 1802 मध्ये वेस्ट पॉइंट स्थापन झाले. तेथे 1817 ते 1833 या काळात प्रमुख असलेल्या सिल्व्हेनस थेयर यांनी लहान तुकड्या पाडल्या आणि छात्राने आदल्या दिवशी स्वतः अभ्यास करून यावे, वर्गात फळ्यापाशी उभे राहून उदाहरण सोडवावे आणि त्याचे समर्थनही करावे अशी पद्धत बसवली. प्रशिया या तत्कालीन जर्मन राज्याला हीच गोष्ट पराभवाने शिकवली. 1806 मध्ये नेपोलियनकडून दारुण हार पत्करल्यानंतर प्रशियाचे सेनानी शार्नहोर्स्ट यांच्या पुढाकाराने ज्या सुधारणा झाल्या, त्यांत 1808 च्या एका नियमाने असे ठरवले की शांततेच्या काळात अधिकारपद ज्ञान आणि शिक्षण पाहून मिळेल, जन्म पाहून नव्हे.

आजचे कारण थोडे वेगळे आहे. नवा लेफ्टनंट प्रथम तीसएक जवानांची प्लाटून सांभाळतो, परंतु पंधरा-वीस वर्षांनी त्याच व्यक्तीला रसदीचा हिशोब, खरेदीचे करार, परकीय अधिकाऱ्यांशी वाटाघाटी आणि मुलकी प्रशासनाशी समन्वय अशी कामे करावी लागतात. त्याने अकादमीत हाताळलेली शस्त्रे तोवर जुनी झालेली असतात. या गरजेपोटीच जर्मनीने 1973 मध्ये आपल्या सैन्यासाठी हॅम्बुर्ग आणि म्युनिक येथे स्वतंत्र विद्यापीठे काढली. भारतात खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतील तीन वर्षांनंतर जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळते आणि भूदलाचा छात्र त्यानंतर आणखी एक वर्ष देहरादूनच्या भारतीय सैन्य अकादमीत प्रशिक्षण घेतो.

एक गोष्ट मात्र पालकांनी जाणून असावी. पहाटेच्या पीटीनंतरच्या पहिल्या तासाला निम्मा वर्ग डुलक्या घेत असतो, हे अशा ठिकाणी शिकवलेला कोणीही सांगेल. तयार नोट्स पाठ करून मिळवलेली पदवी अधिकाऱ्याच्या फारशा उपयोगी पडत नाही. विषय कोणता यापेक्षा, अपुऱ्या माहितीवरून निष्कर्ष काढण्याची आणि तो चारचौघांसमोर तपासून घेण्याची सवय त्या वर्गात लागते की नाही, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

प्रश्न: काही देशांत अधिकारी वर्षभरात तयार होतो, तर काही देशांत चार वर्षे लागतात. यांपैकी चांगली पद्धत कोणती?

ही तुलना दिसते तितकी सरळ नाही. सँडहर्स्टचा नियमित अभ्यासक्रम 44 आठवड्यांचा आहे, कारण तेथे येणारे बहुतेक जण विद्यापीठातून पदवी घेऊनच येतात. वेस्ट पॉइंटची चार वर्षे पदवीसह मोजलेली आहेत. इस्रायलमध्ये तर सक्तीच्या सेवेत दाखल झालेल्या सैनिकांतूनच अधिकारी निवडले जातात, त्यामुळे अधिकारी-प्रशिक्षणाला येणाऱ्याने सैनिकाचे आयुष्य आधीच अनुभवलेले असते. शिक्षण कोठे घेतले आणि सैनिकीपण कोठे अंगी बाणले, एवढाच हा फरक आहे. दीर्घ निवासी पद्धतीने सहाध्यायांचे आयुष्यभराचे संबंध जुळतात. मात्र सतरा-अठराव्या वर्षी आत गेलेल्या मुलांना बाहेरच्या समाजाची ओळख कमी राहते, हा तिचा तोटा मला खरा वाटतो.

प्रश्न: वरिष्ठ छात्र कनिष्ठांना ‘रगडा’ म्हणजे शिक्षेच्या नावाखाली शारीरिक त्रास देतात, त्यानेच माणूस कणखर होतो, असे माझे निवृत्त काका सांगतात. हे कितपत खरे आहे?

आपल्या काकांच्या अनुभवाचा मान राखूनही मला हे मत मान्य करता येत नाही. येथे दोन गोष्टींची गल्लत होते. थकवा, अपुरी झोप आणि वेळेचा ताण या स्थितीत काम करता येणे ही लढाईची गरज आहे, आणि तसा ताण मुद्दाम निर्माण करणे हा प्रशिक्षणाचा योग्य भाग आहे. पण त्या ताणाला हेतू, मर्यादा आणि वैद्यकीय देखरेख हवी, आणि तो देणारा अधिकारी किंवा उस्ताद (कवायत शिकवणारा प्रशिक्षक) उत्तरदायी हवा. रात्री बराकीत एकोणीस वर्षांच्या मुलाने अठरा वर्षांच्या मुलाला हसण्यावारी दिलेल्या शिक्षेत यांपैकी काहीच नसते.

वेस्ट पॉइंटचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. तेथे छळ सोसलेल्या ऑस्कर बूझ या माजी छात्राचा 1900 च्या अखेरीस मृत्यू झाल्यावर अमेरिकी संसदेने चौकशी केली, आणि त्या चौकशीत साक्ष देणाऱ्यांमध्ये डग्लस मॅकआर्थर नावाचा एक तरुण छात्र होता, ज्याने स्वतःही हा प्रकार सोसलेला होता. पुढे 1919 ते 1922 या काळात तोच मॅकआर्थर अकादमीचा प्रमुख झाला. त्याने नवागतांचे उन्हाळी प्रशिक्षण वरिष्ठ छात्रांच्या हातून काढून अधिकाऱ्यांकडे दिले आणि सर्व छात्रांना खेळ अनिवार्य केले. पहिल्या महायुद्धात प्रत्यक्ष आघाडीवर लढून आलेल्या सेनानीने हे केले, हे लक्षात घ्यावे. त्याला नाजूकपणाचा कैवारी कोणी म्हणणार नाही.

आणखी एक हानी होते आणि तिची चर्चा कमी होते. कनिष्ठावर सत्ता गाजवण्याची सवय लागलेला वरिष्ठ छात्र पुढे वयाने आणि अनुभवाने आपल्याहून मोठ्या सुभेदारासमोर उभा राहतो, तेव्हा ती सवय त्याला पुरती निरुपयोगी ठरते. वरिष्ठ छात्राला अधिकार अवश्य द्यावेत. मात्र त्याच्या हाताखालचे कनिष्ठ अभ्यासात, खेळात आणि कवायतीत किती सुधारले, यावरून त्याचे मोजमाप व्हावे.

प्रश्न: ‘खोटे बोलणार नाही, फसवणार नाही, चोरी करणार नाही आणि तसे करणाऱ्याला खपवूनही घेणार नाही’ अशी शपथ काही अकादम्यांत असते. शेवटच्या कलमामुळे मित्राची चहाडी करावी लागते. हा सोबत्याशी द्रोह नाही का?

सर्वांत अवघड कलम तेच आहे. त्यामागचा विचार असा की अधिकाऱ्याच्या तोंडी अहवालावर इतरांचे जीव अवलंबून असतात. पूल तपासला असे त्याने सांगितले की वाहने त्यावरून जातात, आणि एकमेकांचे खोटे झाकण्याची रीत पडलेल्या पलटणीत त्याच्या शब्दावर विसंबता येत नाही. म्हणून निष्ठेचा क्रम आधी कामाशी आणि मग मित्राशी असा लावला जातो. हा क्रम मला पटतो.

पण केवळ शपथ आणि हकालपट्टीची भीती यांवर सचोटी उभी राहत नाही. 1976 मध्ये वेस्ट पॉइंटच्या छात्रांना घरी सोडवण्यासाठी दिलेल्या विद्युत अभियांत्रिकीच्या प्रश्नपत्रिकेत मोठ्या प्रमाणावर नक्कल झाली आणि सुमारे दीडशे छात्रांना बाहेर पडावे लागले. अंतराळवीर आणि त्याच अकादमीचे माजी छात्र असलेल्या फ्रँक बोरमन यांच्या समितीने संस्थेच्या कारभारातील उणिवांवरही बोट ठेवले. गेलेल्यांपैकी अनेकांना पुढे परत घेण्यात आले, आणि प्रत्येक अपराधाला हकालपट्टी ही एकच शिक्षा असण्याची सक्तीही नंतर गेली. शिक्षा एकच आणि टोकाची असली की मित्र तक्रार करत नाहीत आणि संहिता कागदावर उरते.

प्रश्न: मी शिक्षिका आहे. आज्ञापालन आणि स्वतंत्र विचार एकाच व्यक्तीला कसे शिकवता येतात?

एकाच तासाला शिकवता येत नाहीत, आणि तसा प्रयत्नही केला जात नाही. कवायतीच्या मैदानावर विचार करण्याचे काम नसते. शरीर आणि तुकडी एका शब्दावर हलली पाहिजे एवढेच तेथे साधायचे असते. विचाराची जागा डावपेचांच्या सरावात असते. सैनिक बरोबर न घेता प्रशिक्षक छात्रांना टेकडीवर नेतो, शत्रू कोठे आहे ते सांगतो आणि प्रत्येकाकडून योजना मागतो. मग प्रशिक्षक मध्येच परिस्थिती बदलतो, आणि आधीच्या आज्ञेतील कोणता भाग आता लागू पडत नाही हे छात्राला स्वतः ठरवावे लागते. वरिष्ठाने ‘काय साधायचे’ ते सांगावे आणि ‘कसे’ ते कनिष्ठावर सोपवावे, या जर्मन परंपरेतील पद्धतीची ही तयारी असते. सरावानंतरची चर्चा मला सरावाहून मोलाची वाटते, परंतु तेथे छात्राला दोषी धरण्याऐवजी त्याने निर्णय कोणत्या माहितीवरून घेतला हे विचारणारा प्रशिक्षक लागतो आणि असे प्रशिक्षक थोडे असतात.

बेकायदेशीर हुकुमाचा प्रश्न वेगळा आहे. युद्धकाळातील वर्तनाचे नियम सैनिकी शिक्षणात समाविष्ट करण्याचे बंधन 1949 च्या जिनिव्हा करारांनी राष्ट्रांवर घातले आहे. जर्मन सैनिकी कायदा तर स्पष्टच सांगतो की जो हुकूम पाळल्याने गुन्हा घडेल, तो पाळता कामा नये. हे नियम कलमे पाठ करून अंगवळणी पडत नाहीत. सरावात एखादा जखमी युद्धकैदी किंवा वाटेत आलेला नागरिक घालून छात्राला तेथेच निर्णय घ्यायला लावावा लागतो.

प्रश्न: मी अभ्यासात मध्यम आहे, पण धावण्यात चांगला आहे. मी अकादमीत टिकेन का?

वेस्ट पॉइंटच्या 11 हजारांहून अधिक छात्रांवरील, 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की गुणांचा अंदाज बौद्धिक क्षमतेवरून चांगला येतो, तर शेवटपर्यंत टिकण्याशी चिकाटी आणि शारीरिक क्षमता यांचा संबंध अधिक आहे. तेव्हा आपली परिस्थिती निराशाजनक नाही. मात्र अभ्यासात मागे पडलेल्या छात्राला टर्म पुन्हा करावी लागू शकते, आणि आपली तुकडी पुढे गेलेली पाहणे सोपे नसते. आतापासून गणित आणि लेखन यांना रोज ठराविक वेळ द्यावा, आणि पोहता येत नसल्यास जाण्यापूर्वी ते शिकून घ्यावे.