जर्मनीत ऑटोमोटिव्ह मास्टर्स करायचंय? मग जर्मन आजपासून चालू कर

तू लिहिलंयस की मेकॅनिकलचं शेवटचं वर्ष आहे, सीजीपीए ७.६, बाहाच्या (कॉलेजच्या मुलांनी ऑफ-रोड गाडी बनवून पळवायची स्पर्धा) टीममध्ये होतास, जर्मनीत ऑटोमोटिव्हमध्ये मास्टर्स करायचंय, आणि विचारलंयस की शिक्षण फुकट आहे ना आणि पुढं जॉब मिळेल ना. मी कोल्हापूरचा, स्टुटगार्टच्या शेजारी एस्लिंगेनला शिकलो आणि आता याच भागात नोकरी करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ते फुकटचं. बऱ्याच सरकारी युनिव्हर्सिट्यांत फी नाही हे खरंय, पण सगळीकडे नाही. एस्लिंगेन, स्टुटगार्ट, कार्ल्सरूह हे सगळं बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात येतं आणि तिथं २०१७ पासून युरोपबाहेरच्या मुलांना सेमिस्टरला १,५०० युरो भरावे लागतात. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनं पण २०२४ पासून फी चालू केली, मास्टर्सला सेमिस्टरला ४ ते ६ हजार युरो. आणि फी असो नसो, व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधी दाखवावेच लागतात, म्हणजे १२ लाखांच्या आसपास धर. ते पैसे तुझेच असतात, महिन्याला ९९२ मिळतात, त्यात भाडं, इन्शुरन्स, खाणं सगळं बसवायचं. स्टुटगार्टकडं भाडी जास्त आहेत, खेम्नित्ससारख्या गावात बरीच कमी, आणि तिथं ऑटोमोटिव्ह सॉफ्टवेअरचा इंग्लिशमधला कोर्स आहे, तो नक्की बघ. अॅडमिशन आली की त्याच दिवशी होस्टेलला अर्ज टाक, आणि रूम न बघता कुणालाही डिपॉझिट पाठवू नकोस.

७.६ म्हणजे इथल्या हिशोबानं किती? १० पैकी ४ ला पास धरलं तर २.२ येतात, इथं १.० सगळ्यात चांगले आणि ४.० ला पास. वाईट नाहीयेत. एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे तुझी इथली कागदपत्रं तपासून मिळणारा दाखला, मात्र लगेच कर, २०२२ च्या नोव्हेंबरपासून त्याशिवाय व्हिसाचं काम पुढं सरकत नाही.

परीक्षेबद्दल कुणी आधी सांगत नाही म्हणून सांगतो. एका विषयाला साधारण तीन संधी असतात, तिसऱ्यांदाही नापास झालास तर कोर्समधून बाहेर, आणि तोच कोर्स जर्मनीत दुसरीकडं पण करता येत नाही. आपल्याकडं केटी राहिली तरी गाडी पुढं जाते तसं इथं नाही. आणि पेपर आदल्या रात्री गाइड वाचून सुटत नाहीत, व्हेइकल डायनॅमिक्समध्ये टायरचा स्लिप अँगल (टायरचं तोंड आणि तो खरा जातो ती दिशा यांतला कोन) नुसता पाठ असून चालत नाही, गाडी वळणावर बाहेर का जाते ते आकडे मांडून दाखवायला लागतं.

आता मुख्य मुद्दा, भाषा. जर्मनच्या पायऱ्या ए१, ए२, बी१, बी२ अशा चढत जातात. मी ए२ करून आलो होतो, कोर्स इंग्लिशमध्ये होता त्यामुळं वाटलं भागेल. वेर्कस्टुडेंट म्हणजे शिकता शिकता कंपनीत आठवड्याला २० तासांचं काम, आणि इथं पहिली नोकरी बहुतेकांना याच दारातून मिळते. एका सप्लायर कंपनीत माझा इंटरव्ह्यू झाला, टेक्निकल सगळं छान गेलं, आणि मग टीम लीडनं टेस्ट बेंचवरचा एक फॉल्ट दाखवून जर्मनमध्ये समजावून सांगायला सांगितलं. मला फॉल्ट कळला होता, सांगता येईना. ते काम हातातून गेलं. नंतर वर्षभर संध्याकाळच्या क्लासला जाऊन बी२ केलं तेव्हा कुठं दुसरीकडं घेतलं, आणि ते वर्ष मला आजही डाचतं कारण पुण्यात असताना सहज झालं असतं. एस-१ लोकलनं रोज नेकारपार्क स्टेशनवरून जायचो, मर्सिडीजचा कारखाना खिडकीतून दिसायचा, आणि आपण अभ्यासात कमी नाही, बोलण्यात कमी पडतोय हे तेव्हा फार लागायचं. तू तसं करू नकोस, विमानात बसायच्या आधी बी१ कर, मॅक्स म्युलर भवनला जा नाहीतर ऑनलाइन, पण कर.

विषय कोणता घ्यायचा? नुसतं इंजिन नको. २०२४ च्या शेवटी फोक्सवागननं २०३० पर्यंत ३५,००० जागा कमी करायचं ठरवलं, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या झेडएफनं १४,००० पर्यंतचं सांगितलंय, त्यामुळं परिस्थिती मी आलो तेव्हापेक्षा अवघड आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. ज्यांना गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्स-सॉफ्टवेअरमधलं कॅन बस, ऑटोसार, सिम्युलिंक, एम्बेडेड सी, आयएसओ २६२६२ येतं त्यांना अजून बोलावणी येतात. हार्डवेअर-इन-द-लूप बघून ठेव, खरा ईसीयू (गाडीतला कंट्रोल करणारा छोटा कॉम्प्युटर) टेबलावर आणि त्याच्या भोवतीची गाडी सगळी कॉम्प्युटरमध्ये, मी रोज तेच करतो आणि मला ते मनापासून आवडतं. बाहाचं सीव्हीत "टीम मेंबर" असं लिहू नकोस, सस्पेन्शनचा कुठला पार्ट डिझाइन केलास, किती लोड धरलास, पिथमपूरच्या स्पर्धेत तो का मोडला ते लिही, इथल्या प्रोफेसरना तेच बघायचं असतं. आलास की फॉर्म्युला स्टुडंटच्या (विद्यार्थ्यांच्या रेसिंग कारची स्पर्धा) टीममध्ये घुस, जर्मन तिथं सगळ्यात लवकर सुधारतं.

वडिलांनी शेतावर कर्ज काढायचं म्हटलंय असं तू शेवटी लिहिलंयस, ते वाचून थांबलो. तसं असेल तर या वर्षी येऊ नकोस. चाकण-पिंपरीत कुठंतरी टेस्टिंगला किंवा एम्बेडेडला दोन वर्षं काम कर, पैसे साठव, जर्मन बी२ पर्यंत ने आणि मग ये, इथं अनुभव असलेल्याला काम शोधणं सोपं जातं. डिग्रीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, पण तेवढ्यात बँकेचे हप्ते चालू झाले तर डोकं शोधण्यात लागत नाही, माझ्या रूममेटचं झालेलं मी बघितलंय.

मार्कशीट आणि बाहाचा रिपोर्ट पाठव, रविवारी बघून कुठल्या तीन-चार ठिकाणी अर्ज करावास ते सांगतो.